डोहाळ्यांत अळंबी चालेल का?

श्रोतेहो, मृग सरून आर्द्रा लागल्या, दोन दिवस विजा कडाडल्या, की कोकणात वारुळांवर अळंबी डोके वर काढतात. विदर्भात त्यांना सात्या म्हणतात. एका वर्षी अशाच दिवसांत माझी धाकटी बहीण पहिल्या खेपेला माहेरी आली होती. पाचवा महिना होता आणि डोहाळे लागले ते नेमके अळंबीच्या कालवणाचे. आई म्हणाली, “वारुळावरची आहेत, लहानपणापासून मी खाते. खाऊ दे पोरीला.” आत्या उसळली, “पोटुशीला कुत्र्याची छत्री? मुळीच नाही!” मग दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला काही सांगता आले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून पोथ्या-पुस्तके चाळू लागलो.

तेव्हा कळले की आई आणि आत्या यांचे हे भांडण फार जुने आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अळंबीला लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून द्विजांना वर्ज्य केले आहे. तिथे मुद्दा विटाळाचा, विषाचा नव्हे. वैद्यांची नजर निराळी. चरकाने सर्पच्छत्रक तेवढे वगळले आणि बाकीची छत्रके गोड, थंड, पचायला जड आणि पडसे आणणारी म्हणून सांगितली. सुश्रुताने तर ती कशावर उगवतात यावरून त्यांचे प्रकार पाडले: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि जमिनीतली. माणूस रानात हिंडलेला असावा, बरे का! पण सर्पच्छत्रक ओळखायचे कसे, हे चरकाच्या त्या श्लोकात नाही. आणि खरी अडचण तिथेच आहे.

ही अडचण साऱ्या जगाची. रोमचा बादशहा क्लॉडियस इ. स. 54 मध्ये मेला, तो अळंबीच्या ताटावर. टॅसिटस हा इतिहासकार लिहितो की विष वरून घातले होते. म्हणजे बिचाऱ्या अळंबीवर उगीच आळ! पण युरोपच्या रानात खरोखरीची विषारी जात आहे. इंग्रजीत तिला ‘डेथ कॅप’ म्हणतात. दिसायला साधी, खाल्ली तर चवीला बरी. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबले की माणसाला वाटते, सुटलो. पण आत यकृत नासत असते. हे विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही.

मग लोकांनी ओळखण्याच्या युक्त्या काढल्या. भांड्यात चांदीचा रुपया टाका, काळा पडला तर विषारी. लसणीची पाकळी टाकून बघा. किड्याने खाल्लेले असेल तर माणसालाही चालेल. श्रोतेहो, यांतली एकही युक्ती खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाने. त्या विषाला चांदी ओळखत नाही. आणि किड्याला जे पचते ते माणसाला पचेलच असे नाही. शिक्षक मंडळींनी एवढे तरी वर्गात जरूर सांगावे.

आता आईच्या बाजूने एक गोष्ट, आणि ती आपल्या मुंबईतली आहे. 1928 साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, काही दगावत. त्यांच्या अंगात रक्त का राहत नाही, याचा ती शोध घेऊ लागली. तिला उतारा सापडला तो यीस्टच्या अर्कात, बाजारात ‘मार्माइट’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त पदार्थात. 1931 साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. आज गरोदर बाईला त्याच्याच गोळ्या देतात. गंमत अशी की यीस्ट हीसुद्धा बुरशीच, अळंबीची दूरची नातलग! अळंबीतही हे द्रव्य थोडेबहुत असते. म्हणून गोळी मात्र सोडायची नाही.

तेव्हा पोटुशीने अळंबी खाऊच नये असे नाही. लागवडीची, म्हणजे बाजारातली बटन किंवा धिंगरी, खुशाल खावी. आपल्याकडे 1961 साली हिमाचलातल्या सोलन येथे ही लागवड सुरू झाली. आता तालुक्याच्या बाजारातही ती मिळते. ताजी घ्यावी, बुळबुळीत झालेली टाकावी, स्वच्छ धुवावी, पुरती शिजवावी. कच्ची खाऊ नये. रानातली मात्र त्या नऊ महिन्यांत नकोच. आईची नजर पक्की असेल, पण टोपलीत एखादे परके छत्र आले तर पोटात दोन जीव असतात. आणि कुणीही रानची अळंबी खाऊन उलट्या झाल्या, तर बरे वाटण्याची वाट न बघता उरलेला तुकडा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

त्या दिवशी बहिणीच्या पानात वालाची उसळ पडली. ती रुसली, आईही रुसली. पुढे दोन वर्षांनी पावसाळ्यात ती लेकीला कडेवर घेऊन आली, तेव्हा आईने आणलेली वारुळावरची अळंबी आत्यानेच निवडायला घेतली होती.