एपिक्टेटस : गुलामाने सांगितलेले स्वातंत्र्य

स्टोइक तत्त्वज्ञानातील अंतर्गत स्वातंत्र्याच्या विचाराला सर्वांत रोखठोक रूप दिले ते एका गुलामाने. एपिक्टेटसचा जन्म इ. स. ५० च्या सुमारास फ्रिजियातील हिएरापोलिस येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील पामुक्कलेजवळ झाला. त्याच्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थच ‘मिळवलेला’ असा आहे. रोममध्ये तो एपाफ्रोडिटसच्या मालकीचा होता. हा मालकही एके काळी गुलामच होता. मुक्त झाल्यावर तो सम्राट नीरोचा चिटणीस बनला. एपिक्टेटस पायाने अधू होता. मालकाने त्याचा पाय पिरगळून मोडल्याची कथा पुढे प्रसिद्ध झाली. ‘सूदा’ हा बायझंटाइन कोश मात्र आजाराचे कारण देतो.

गुलाम असतानाच त्याला मुसोनियस रूफस या स्टोइक आचार्याकडे शिकता आले. मुक्त झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला. इ. स. ९० च्या सुमारास सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले, तेव्हा त्याने ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकोपोलिस येथे पाठशाळा काढली. आज त्याचे म्हणून जे वाचले जाते ती आरियन या शिष्याने घेतलेली टिपणे होत. ‘प्रवचनां’चे चार भाग आणि ‘एन्किरिडियन’ ही छोटी हस्तपुस्तिका एवढेच त्यातले उरले आहे.

त्याच्या विचाराचा पाया एका विभागणीवर उभा आहे. शरीर, मालमत्ता, कीर्ती, अधिकारपद या गोष्टी अखेर आपल्या हाती नाहीत. आपले मत, आपली इच्छा, आपला नकार या गोष्टी मात्र आपल्या आहेत. ही निवडीची शक्ती म्हणजे ‘प्रोहायरेसिस’. मालक पायात बेडी घालू शकतो, या शक्तीला नाही. माणसाला व्याकूळ करते ते घटनेविषयीचे त्याचे मत. घटना स्वतः नव्हे.

यावरून स्टोइक म्हणजे दगडी मनाचा माणूस, असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने एक प्रसंग नोंदवला आहे. वादळात सापडलेल्या जहाजावर एक स्टोइक तत्त्वज्ञ इतरांप्रमाणेच पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर एका धनिक सहप्रवाशाने त्याला टोमणा मारला. नंतर गेलियसने आदराने कारण विचारले, तेव्हा तत्त्वज्ञाने एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला. हा भाग आज लुप्त आहे. त्यातील प्रतिपादन असे की, अचानक मोठा आवाज झाला तर ज्ञानी माणूसही दचकतो. ती प्रतिक्रिया त्याच्या हातची नसते. फरक पडतो पुढच्या क्षणी. मनावर उमटलेला ‘हे भयंकर आहे’ हा ठसा खरा मानायचा की नाही, ती संमती द्यायची की रोखायची, हे त्याच्या हाती असते. मनावरील ताबा म्हणजे एवढाच, पण तो अखंड सरावाने कमवावा लागतो.

सराव क्षुल्लक गोष्टींपासून सुरू होतो. एपिक्टेटसचा लोखंडी दिवा एकदा चोरीला गेला. जे आपल्याजवळ आहे तेच हरवते, असे म्हणून त्याने मातीचा दिवा आणायचे ठरवले. गंमत अशी की त्याच्या मृत्यूनंतर कोणा हौशी माणसाने त्याचा मातीचा दिवा ३००० द्राख्मांना विकत घेतला. त्या उजेडात वाचले की शहाणपण आपोआप येईल, अशी त्याची आशा होती, अशी थट्टा लुशियनने केली आहे.

स्वातंत्र्यावरचे त्याचे प्रवचन सर्वांत दीर्घ आहे. गुलामाला वाटते, मुक्त झालो की सुख मिळेल. मुक्त झाल्यावर जेवणासाठी तो कोणाची तरी खुशामत करू लागतो आणि पुढे सिनेटर झाला, तर तीच गुलामी अधिक देखणी होते. याचा दाखला त्याच्या मालकाच्या घरातलाच आहे. एपाफ्रोडिटसने फेलिसियो नावाचा चर्मकार निरुपयोगी म्हणून विकून टाकला. पुढे तो सम्राटाच्या सेवेत गेला, तेव्हा हाच एपाफ्रोडिटस त्याच्याशी आदबीने सल्लामसलत करू लागला.

या विचाराची एक मर्यादा स्पष्ट दिसते. गुलामही देवाचीच लेकरे आहेत, म्हणून त्यांच्याशी बंधुभावाने वागा, असे एपिक्टेटस मालकांना बजावतो. पण गुलामीची प्रथाच मोडून काढा, असे म्हणत नाही. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याला एवढ्याने समाधान वाटणार नाही. तथापि ज्याचे दरवाजे खरोखरच बंद झालेले असतात, त्याला हा विचार उपयोगी पडतो. अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांचे विमान ९ सप्टेंबर १९६५ रोजी व्हिएतनाममध्ये पाडले गेले. मोडलेल्या पायानिशी सात वर्षांहून अधिक काळ त्यांनी कैद भोगली, छळ आणि एकांतवास सोसला. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकताना वाचलेल्या एपिक्टेटसने तेथे आपल्याला तारले, असे त्यांनी पुढे व्याख्यानांतून सांगितले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीमागेही हेच सूत्र आहे, आणि हे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले. महाराष्ट्रात या पद्धतीचा परिचय प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्या लेखनातून झाला. एलिस यांनी स्टोइकांचे मनोविज्ञान घेतले. विश्व ईश्वरी बुद्धीने चालते ही श्रद्धा मात्र बाजूला ठेवली. एपिक्टेटसला स्वतःला ही काटछाट मुळीच रुचली नसती.