वैद्यकीय प्रतिमांची देवघेव : रुग्णनामाच्या एका नोंदीचा इतिहास

हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी. टी. चित्र घेतले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमधील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात. यंत्रापाशी प्रतिमा रचणारा संगणक नव्हता. मापने चुंबकीय फितीवर नोंदून ती फीत अन्यत्र असलेल्या संगणकाकडे न्यावी लागली, आणि तेथे ८० गुणिले ८० चौकटींची प्रतिमा सिद्ध झाली. या प्रसंगाचे वर्णन करताना इतिहासकारांची दृष्टी शोधकाकडे जाते, ते स्वाभाविकच होय. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती फीत आहे. प्रतिमा एका जागेहून दुसऱ्या जागी गेली असता ती कोणाची आहे हे ज्ञान तिच्याबरोबर कसे जावे, हा प्रश्न तेथेच उपस्थित झाला होता.

क्ष-किरणांच्या फिल्मपुरता तो प्रश्न सुटलेला होता. नाव वा क्रमांक फिल्मवरच उमटवीत. पाकीट रुग्णाच्या नातलगाच्या हाती दिले की देवघेव पुरी झाली. प्रतिमा अंकरूप झाल्यावर ही सोय संपली. प्रत्येक कंपनीची अंकांची मांडणी निराळी असल्यामुळे एकीच्या यंत्रावरील प्रतिमा दुसरीच्या यंत्राला वाचता येईना. १९८३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी ही क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि 'नेमा' ही विद्युत्‌-उपकरणे बनविणाऱ्यांची संघटना यांनी संयुक्त समिती नेमली. परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले कारखानदार येथे एका मेजाभोवती बसले, याचे श्रेय त्यांच्या औदार्याइतकेच ग्राहकांच्या तगाद्यालाही द्यावे लागेल.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रमाणात ५० टाचण्यांचा एक जोड ठरविलेला होता. दोन यंत्रे तारेने जोडावयाची, एवढीच कल्पना. तो जोड लवकरच कालबाह्य झाला. टिकली ती दुसरी गोष्ट. प्रतिमेच्या अंकांपूर्वी क्रमांकित नोंदींची एक मालिका असावी आणि तीत रुग्णाची ओळख असावी, असे समितीने ठरविले. रुग्णनामाच्या नोंदीचा ००१०–००१० हा क्रमांक आजही तोच आहे. १९८८ च्या सुधारणेनंतर १९९३ मध्ये हे प्रमाण 'डायकॉम' या नावाने नव्याने मांडले गेले. त्यात संगणकजालावरून देवघेव करण्याची रीत आली आणि प्रत्येक प्रतिमेस जगात एकमेव असा ओळखक्रमांक मिळाला. भारत सरकारने २०१३ साली आरोग्यनोंदींची मानके जाहीर केली, त्यांतही डायकॉमचा स्वीकार आहे.

नाव आणि प्रतिमा एकाच संचिकेत बांधण्याचा हा निर्णय, प्रस्तुत लेखकाच्या मते, या साऱ्या इतिहासातील निर्णायक घटना होय. एकाचे चित्र दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा संभव त्याने कमी केला. तथापि त्यामागे एक गृहीत होते : प्रतिमा रुग्णालयाच्या आतच फिरेल. मूळ रचनेत मागणी करणाऱ्या यंत्राने आपले नाव सांगावे, एवढ्यावरच भागत असे. रुग्णालयांची जाळी इंटरनेटला जोडली गेली तेव्हा हे गृहीत कोसळले. सप्टेंबर २०१९ मध्ये एका जर्मन सुरक्षासंस्थेने सुमारे २,३०० प्रतिमासंग्रह तपासले. त्यांपैकी ५९० कोणासही उघडता येत होते आणि त्यांत ५२ देशांतील सुमारे २ कोटी ४० लाख नोंदी होत्या. तिच्या पुढील अहवालात भारतातील राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागला, हे आपण विसरता कामा नये.

संशोधकांची अडचण निराळी. त्यांना प्रतिमा हवी, नाव नको. फुप्फुसांतील गाठींच्या अभ्यासासाठी अमेरिकेत १,०१८ सी. टी. तपासण्यांचा संग्रह सर्वांस खुला करण्यात आला, तो ओळख पुसूनच. २०११ मध्ये डायकॉममध्येही कोणत्या नोंदी पुसाव्यात याचे सविस्तर नियम आले. ध्वनिचित्रणात (सोनोग्राफीत) नाव पुष्कळदा चित्रातच कोरलेले असते, तेव्हा केवळ नोंदी पुसून भागत नाही. आणि मस्तकाच्या एम. आर. आय. प्रतिमेपासून तर चेहराच पुन्हा रचता येतो. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांचे असे चेहरे रचून ते चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीपुढे ठेवले. त्यांपैकी ७० जणांची त्यांच्या छायाचित्रांशी अचूक जोडी लागली. त्या प्रतिमांत ००१०–००१० या नोंदीची गरजच पडली नव्हती.