न्यायमूर्ती सर नारायण गणेश चंदावरकर

ज्ञातीच्या स्मरणिकेत परज्ञातीय पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही ज्ञातिबांधवांच्या मनात येईल. नंदुरबार, शहादे, तळोदे या बाजूची आपली मुले शिक्षणासाठी मुंबई-पुण्यास जातात आणि प्रथम आश्रय शोधतात तो नातलगाच्या घरी. चंदावरकर हेही असेच परठिकाणाहून मुंबईस आलेले विद्यार्थी होते.

त्यांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी उत्तर कानडा जिल्ह्यातील होनावर येथे सारस्वत कुटुंबात झाला. तो जिल्हा त्या वेळी मद्रास इलाख्यात होता. मुंबई इलाख्यास तो १८६२ मध्ये जोडला गेला. घरची बोली कोंकणी, भोवतालची भाषा कानडी, कर्मभूमी मात्र मुंबई. तेथे त्यांचे आप्त शामराव विठ्ठल कायकिणी वकिली करीत. १९०६ मध्ये निघालेल्या सहकारी बँकेस ज्यांचे नाव दिले गेले, तेच हे गृहस्थ. नारायणराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, ‘इंदुप्रकाश’ पत्राची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली आणि १८८१ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते वकिलीत शिरले.

१८८५ साली विलायतेतील निवडणुकीच्या वेळी हिंदुस्थानची गाऱ्हाणी तेथील मतदारांपुढे मांडण्यास तिघेजण गेले : कलकत्त्याचे मनमोहन घोष, मद्रासचे रामस्वामी मुदलियार व मुंबईचे चंदावरकर. समुद्र ओलांडणे म्हणजे बहिष्कारास आमंत्रण, असा तो काळ! वयाची तिशीही पुरी झालेली नसता त्यांनी ते साहस केले. १९०० मध्ये लाहोर येथील काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे निवर्तले; त्याच वर्षी चंदावरकर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि प्रार्थनासमाजाची धुराही त्यांच्याकडे आली. पुढे विद्यापीठाचे कुलगुरुपद, ‘सर’ हा किताब, १९२१ मध्ये कायदे कौन्सिलचे अध्यक्षपद असे मान त्यांना मिळाले. १९२३ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

आमच्या मते त्यांची खरी थोरवी मात्र या पदांत नाही. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्य मानलेल्यांच्या शिक्षणासाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली व मुंबईत परळ येथे शाळा काढली. त्या मंडळीचे अध्यक्षपद हायकोर्टाच्या या न्यायाधीशाने स्वीकारले. ज्ञातीच्या आप्ताचा आधार घेऊन जो वर आला, त्याने ज्या मुलांना कोणाचाच आधार नव्हता त्यांच्यासाठी आपले नाव व वजन खर्चिले. हे वाचून आपल्यातील कित्येकांस अवघडल्यासारखे होईल. आम्हासही लिहिताना झाले. मंडळाच्या येत्या सभेत वसतिगृहाचा विषय निघेल, तेव्हा परज्ञातीय गरीब विद्यार्थ्यांसाठी तेथे निदान दोन जागा राखाव्यात, ही आमची सूचना नोंदवून ठेवतो.