लिटल रॉकचे मैदान आणि राज्यातले शेजारी

आर्कान्सा विद्यापीठाचा रेझरबॅक्स हा फुटबॉल संघ १९४४ नंतर तब्बल ७७ वर्षे आपल्याच राज्यातल्या एकाही महाविद्यालयाविरुद्ध खेळला नाही. अंडाकृती चेंडूचा आणि शिरस्त्राण घालून खेळायचा हा अमेरिकी फुटबॉल त्या राज्यात जवळजवळ धर्मासारखा पाळला जातो. २०२१ मध्ये ही वहिवाट मोडली, तेव्हा सामना विद्यापीठाच्या फेएटव्हिल गावात झाला नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाइन ब्लफमध्येही झाला नाही. तो राजधानी लिटल रॉकमधल्या वॉर मेमोरियल स्टेडियमवर झाला. राज्यातल्या लहान संघांना सात दशके दूर ठेवण्याच्या धोरणाला सर्वांत मोठा आधार याच त्रयस्थ मैदानाचा होता.

महाविद्यालयीन फुटबॉलचे वेळापत्रक दोन भागांत ठरते. हंगामातले बहुतेक सामने आपल्या गटातल्या, म्हणजे ‘कॉन्फरन्स’मधल्या संघांशी होतात. उरलेल्या तीनचार तारखा विद्यापीठ स्वतः भरते. त्यांतली एखादी तारीख लहान महाविद्यालयाला देण्याची पद्धत जुनी आहे. मोठ्या संघाला बहुधा सोपा विजय आणि भरलेले स्टेडियम मिळते. लहान संघाला ठरावीक रक्कम मिळते आणि तिच्यावर त्याचे इतर खेळही चालतात. हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांसाठी सहसा सहा विजय लागतात. खालच्या विभागातल्या संघावर मिळवलेला एक विजय त्यांत धरता येतो, त्यामुळे या व्यवहाराला वेगळेच मोल येते. असे सामने बहुधा मोठ्या विद्यापीठाच्याच मैदानावर होतात. आर्कान्सामध्ये तिसरे मैदान मध्ये आले ते राज्याच्या भूगोलामुळे.

फेएटव्हिल हे राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगराळ मुलखात वसलेले गाव. लिटल रॉक राज्याच्या मध्यभागी, तिथून सुमारे ३०० किलोमीटरवर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे अंतर कापायला अख्खा दिवस जाई. संघाचे श्रीमंत आश्रयदाते, वर्तमानपत्रे आणि विधिमंडळ मात्र राजधानीत होते. त्या काळात हेंड्रिक्स, वॉशिटा यांसारखी राज्यातली छोटी महाविद्यालये विद्यापीठाच्या वेळापत्रकात सहज दिसत. संघाला रानडुकराचे नावही बाहेरच्या मैदानावरच्या विजयानंतर चिकटले. १९०९ मध्ये मेम्फिसला लुइझियानाच्या संघाला हरवल्यावर प्रशिक्षक ह्यूगो बेझडेक यांनी आपल्या खेळाडूंची तुलना रेझरबॅक जातीच्या रानडुकरांच्या कळपाशी केली होती.

हे सारे बदलले ते जॉन बार्नहिल यांच्या काळात. टेनेसीहून १९४६ मध्ये आलेले बार्नहिल आधी प्रशिक्षक होते आणि पुढे दीर्घकाळ क्रीडासंचालक राहिले. त्यांचे गणित सरळ होते. राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख, व्यावसायिक संघ एकही नाही, आणि संघाच्या तेव्हाच्या साउथवेस्ट कॉन्फरन्समधले बाकीचे सगळे सभासद शेजारच्या अवाढव्य टेक्सासचे. एवढ्याशा राज्याची निष्ठा दोनतीन संघांत वाटली गेली, तर टेक्सासपुढे टिकाव लागणार नाही. म्हणून साऱ्या राज्याचा संघ एकच असावा, आकाशवाणीवरून त्याचेच सामने खेड्यापाड्यांत ऐकू जावेत आणि राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला त्याच्या बरोबरीने मैदानात उभे राहण्याची संधी मिळू नये. बार्नहिल येण्याआधी, १९४४ मध्ये माँटिसेलोच्या कृषी महाविद्यालयाशी झालेला सामना मग दीर्घकाळ शेवटचा ठरला.

एकच संघ सगळ्या राज्याचा ठरवला, की तो सगळ्या राज्याला दिसायलाही हवा. विधिमंडळाने १९४७ मध्ये नव्या स्टेडियमला मंजुरी दिली आणि १८ सप्टेंबर १९४८ रोजी दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या आर्कान्सावासीयांच्या स्मृतीला ते अर्पण झाले. अर्पण करणारे मॉरिस ब्रिट हे स्वतः माजी रेझरबॅक होते. युद्धात त्यांनी हात गमावला होता आणि देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले होते. पहिला सामना टेक्सासच्या ॲबिलीन ख्रिश्चनशी झाला आणि रेझरबॅक्सनी तो ४०-६ असा जिंकला. नवे स्टेडियम विद्यापीठाच्या आवारातल्या मैदानापेक्षा मोठे होते. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे महत्त्वाचे सामने लिटल रॉकला होत आणि ‘घर’ या शब्दाचे दोन पत्ते झाले.

नेमक्या त्याच वर्षी अलाबामा राज्यात उलटे घडले. अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांमधला सामना १९०७ च्या बरोबरीनंतर खर्चाच्या आणि पंचांच्या वादातून बंद पडला होता. विधिमंडळाच्या रेट्यामुळे तो ४१ वर्षांनी, १९४८ मध्ये, बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर पुन्हा सुरू झाला. पहिल्याच वर्षी ऑबर्नचा ५५-० असा धुव्वा उडाला, पण सामना टिकला. तिकिटे दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी मिळत. तिथे त्रयस्थ मैदानाने दोघांना समोरासमोर आणले. आर्कान्सातल्या मैदानाने दुसऱ्या कोणाला समोर उभेच राहू दिले नाही.

या धोरणाची किंमत सर्वाधिक मोजली ती जोन्सबोरोच्या आर्कान्सा स्टेटने. १९०९ मध्ये कृषी शाळा म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९६७ मध्ये विद्यापीठ झाली. १९७५ मध्ये तिच्या संघाने अकरापैकी अकरा सामने जिंकले, तरी एकाही ‘बोल’ सामन्याचे आमंत्रण आले नाही. त्याच हंगामाच्या अखेरीस रेझरबॅक्सनी कॉटन बोलमध्ये जॉर्जियाला ३१-१० असे हरवले. दोघांत सरस कोण, हा प्रश्न राज्यभर रंगला असणारच, पण त्याचा निकाल मैदानावर लागू द्यायला फेएटव्हिल तयार नव्हते. पुढे क्रीडासंचालक झालेल्या फ्रँक ब्रॉइल्स यांनी तर २००७ पर्यंत ही भिंत जपली. जिंकून काही मिळवायचे नाही आणि हरलो तर सगळे गमवायचे, असा हा हिशेब होता. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता, पण त्यात खिलाडूपणा फारसा नव्हता. बास्केटबॉलमध्ये १९८७ साली राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेने दोघांना एकत्र आणले, तेव्हा रेझरबॅक्स जादा वेळेत कसेबसे सुटले.

पाइन ब्लफची गोष्ट निराळी आहे. कृष्णवर्णीयांसाठी १८७३ मध्ये कायद्याने स्थापन झालेले हे महाविद्यालय वर्णभेदाच्या काळात विद्यापीठाच्या वेळापत्रकात येणे शक्यच नव्हते. रेझरबॅक्सच्या मुख्य संघात शिष्यवृत्तीवरचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जॉन रिचर्डसन, १९७० मध्ये उतरला. १९७२ मध्ये पाइन ब्लफ आर्कान्सा विद्यापीठ-व्यवस्थेत विलीन झाले. म्हणजे दोन्ही संघ एकाच विश्वस्त मंडळाखाली आले, तरी त्यांच्यात पुढची पन्नासएक वर्षे सामना झाला नाही.

दरम्यान लिटल रॉकचे महत्त्व ओसरत गेले. वॉलमार्ट, टायसन यांसारख्या कंपन्यांमुळे राज्याचा पैसा वायव्येकडे सरकला आणि १९९९ मध्ये डोंगरांतून नवा महामार्ग फेएटव्हिलपर्यंत पोचला. ब्रॉइल्स यांनी आवारातले स्टेडियम ७२,००० आसनांपर्यंत वाढवायला घेतले आणि राजधानीतले सामने कमी करण्याचे सुचवले. एवढ्या मोठ्या स्टेडियममधला सामना सोडून सुमारे ५४,००० आसनांच्या जुन्या मैदानावर जायचे, म्हणजे तिकिटांच्या उत्पन्नात थेट तोटा. लिटल रॉकचे वित्तव्यावसायिक वॉरन स्टीव्हन्स यांनी विरोधाची आघाडी उघडली. ‘स्टेडियमचा महावाद’ म्हणून गाजलेल्या या भांडणात विश्वस्तांनी २००० मध्ये तडजोड केली आणि राजधानीला वर्षाला दोन सामने राहिले. २००२ मध्ये याच मैदानावर शेवटच्या काही सेकंदांत टाकलेल्या चेंडूवर लुइझियाना स्टेटचा २१-२० असा पराभव झाला. मैदानाशेजारच्या रस्त्यावरून या विजयाला ‘मार्कहॅमचा चमत्कार’ म्हणतात. तरी पुढे दोनाचा एकच सामना झाला आणि तोही बहुतेक वेळा दुय्यम.

या दुय्यम सामन्यांमुळे जुन्या धोरणातली विसंगती उघडी पडली. २०१६ मध्ये लिटल रॉकला मिसिसिपीहून अल्कॉर्न स्टेट आले आणि २०१७ मध्ये फ्लोरिडाहून फ्लोरिडा ए अँड एम. दोन्ही मूळची कृष्णवर्णीयांची महाविद्यालये. तशाच परंपरेचे पाइन ब्लफ लिटल रॉकपासून सत्तरएक किलोमीटरवर असताना पाहुणे आणि त्यांना द्यायचा पैसा मात्र परराज्यात जात होता. २०१८ मध्ये मिसिसिपी आणि २०१९ मध्ये मिझुरी हे कॉन्फरन्समधले सामने रेझरबॅक्सनी इथे गमावले. त्यानंतर तसा सामना राजधानीला मिळालेला नाही. क्रीडासंचालक हंटर युराचेक यांच्या कारकिर्दीत, २०१९ मध्ये, विद्यापीठ-व्यवस्थेतल्या भावंडांशी खेळण्याला वाट मिळाली. आर्कान्सा स्टेट त्या व्यवस्थेबाहेरची, म्हणून ती तेव्हाही दाराबाहेरच राहिली.

२३ ऑक्टोबर २०२१ रोजी पाइन ब्लफ अखेर समोर आले. मध्यंतरालाच ४५-० झाले होते आणि शेवटी ४५-३. २०२४ मध्ये हाच सामना ७०-० असा संपला. खेळ म्हणून यांत पाहण्यासारखे थोडेच होते, पण व्यवहार चोख जमला. राजधानीला दिलेला शब्द पाळला गेला, फेएटव्हिलचा एकही मोलाचा सामना गेला नाही आणि रक्कम राज्यातच राहिली. मैदान ‘त्रयस्थ’ म्हटले, तरी यजमान रेझरबॅक्सच होते. लहान संघांना आधी नकार आणि नंतर होकार मिळाला, तो दोन्ही वेळा मोठ्या संघाच्या सोयीने.

आर्कान्सा स्टेटची पाळी ६ सप्टेंबर २०२५ रोजी, त्याच मैदानावर आली. दोन्ही विद्यापीठांमधला हा इतिहासातला पहिला फुटबॉल सामना रेझरबॅक्सनी ५६-१४ असा जिंकला. २०२६ पासून त्यांच्या आताच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघाला गटातले आठऐवजी नऊ सामने खेळावे लागणार आहेत. गटाबाहेरच्या तीनच तारखा उरतात आणि त्यांतली एक तुल्यबळ संघासाठी राखावी लागते. राज्यातले लहान संघ आणि लिटल रॉकचे मैदान, या दोघांनाही जागा शोधायची आहे ती उरलेल्या दोन तारखांत.