नऊ महिन्यांची सूट

अमेरिकेतील रुग्णालयांना जोडलेल्या परिचारिका-शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमेदवार मुलींकडे जे छापील पत्रक धाडीत, त्यात काय शिकविले जाईल याचा मजकूर त्रोटक आणि बरोबर काय आणावे याचा मजकूर भरपूर असे. धुण्यात टिकतील असे साधे सुती झगे, अर्धा डझनाहून अधिक मोठे पांढरे एप्रन, मळलेले कपडे ठेवण्यासाठी दोन पिशव्या, नाडी मोजावयाची म्हणून सेकंदकाटा असलेले घड्याळ, चालताना आवाज न करणारे रुंद टाचांचे बूट, आणि प्रत्येक वस्त्रावर मालकिणीचे नाव ठळक घातलेले असावे अशी ताकीद, हा त्यातला नेहमीचा ऐवज होय. सोबत दोन दाखले लागत. धर्मोपदेशकाचा शीलाबद्दल आणि डॉक्टरचा प्रकृतीबद्दल. शिक्षण किती झाले, ही चौकशी पुष्कळदा या दोहोंच्या मागून येई. खेड्यातले घर सोडून न्यूयॉर्कसारख्या शहरात प्रथमच पाऊल टाकणारी मुलगी ही सामग्री घेऊन रुग्णालयाच्या दारी रुजू झाली, की तिला राहावयास खोली, जेवणखाण आणि महिन्याकाठी हातखर्चापुरते काही डॉलर मिळत. मोबदल्यात ती आपल्या आयुष्याची दोन, आणि पुढे पुढे तीन वर्षे रुग्णालयाच्या हवाली करी.

अन्य विषयातील पदवी पदरी असणाऱ्यांना बारा ते अठरा महिन्यांत परिचर्येची दुसरी पदवी देणारा जो शीघ्र अभ्यासक्रम आज अमेरिकेत दोनशेहून अधिक ठिकाणी चालतो, त्याचे मूळ शोधू गेल्यास ते या जुन्या देवघेवीतच सापडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावे लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली जी शाळा निघाली, तीत शिक्षणाची मुदत एक वर्षाची होती. तिच्या धर्तीवर १८७३ साली न्यूयॉर्कचे बेल्व्ह्यू, न्यू हेवन आणि बॉस्टन अशा तीन ठिकाणी अमेरिकन शाळा स्थापन झाल्या, आणि या शाळांचा लाभ रुग्णालयांच्या विश्वस्तांच्या ध्यानी येताच त्यांची संख्या इतकी झपाट्याने वाढली, की १९२० पर्यंत ती दीड हजारांच्या वर गेली. हा लाभ मुख्यत्वे जमाखर्चाचा होता. वॉर्डातील शुश्रूषा, अंथरुणे, रात्रपाळी, भांडीकुंडी आणि फरशीदेखील विद्यार्थिनींच्या हातून उरकत असल्यामुळे पगारी परिचारिका ठेवण्याची निकड रुग्णालयास भासत नसे. शिकून तयार झालेल्या मुलीस तेथे सहसा जागाही नसे, आणि ती श्रीमंतांच्या घरी खासगी शुश्रूषेच्या कामास लागे. दहा-बारा तासांची चाकरी आटोपल्यावर संध्याकाळी डॉक्टरांचे व्याख्यान होई, तेही त्यांना सवड असली तर. शिक्षणाची मुदत दोहोंची तीन वर्षे झाली ती ज्ञान वाढले म्हणून, असे विश्वस्त सांगत. तथापि तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी ही रुग्णालयाला सर्वांत स्वस्तात मिळणारी सर्वांत कुशल कामकरीण होती, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असेल असे मानणे भोळेपणाचे होईल. हीच अमेरिकन घडण मिशनरी मंडळींबरोबर आपल्याकडेही आली. १८९४ साली उभ्या राहिलेल्या मिरजेच्या वॉनलेस रुग्णालयातील परिचारिका-शिक्षण हे तिचेच अपत्य, आणि दक्षिण महाराष्ट्रातील किती घरांनी आपली पहिली मिळवती मुलगी त्या वॉर्डांतून पाहिली, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या देवघेवीविरुद्ध ज्या बाईंनी चिकाटीने लेखणी आणि वाणी झिजविली, त्या मेरी ॲडलेड नटिंग होत. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९०१ साली त्यांनी नवागत मुलींना एकदम वॉर्डात न लोटता आधी सहा महिने शास्त्रविषय शिकविण्याची तजवीज केली, आणि १९०७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात त्या परिचर्येच्या प्राध्यापिका झाल्या. त्या विषयाचे प्राध्यापकपद लाभलेली जगातील पहिली परिचारिका त्याच. तथापि व्याख्यानपीठावरून सांगितलेली सुधारणा आणि विश्वस्तांच्या बैठकीत मंजूर होणारी सुधारणा यांत फार अंतर असते. ते तोडावयास महायुद्धच यावे लागले.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, आणि परिचारिकांचा तुटवडा कसा भागवावा या चिंतेतून राष्ट्रीय संरक्षण परिषदेने जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद नटिंगबाईंकडे आले. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी पोकीप्सी गावी वासार हे स्त्रियांचे नामांकित कॉलेज होते. तेथील एक विश्वस्त आणि माजी विद्यार्थिनी मिनी ब्लॉजेट यांनी अशी कल्पना मांडली, की उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजच्या इमारती रिकाम्या पडतात, त्या पदवीधर स्त्रियांना परिचर्येचे प्राथमिक शिक्षण देण्यास वापराव्यात, आणि हे शिक्षण घेतलेल्यांना रुग्णालयांनी तीनऐवजी दोनच वर्षांत मोकळे करावे. कॉलेजचे अध्यक्ष मॅक्रॅकन यांनी ती उचलून धरली, रेड क्रॉसने पाऊण लाख डॉलरची तरतूद केली, आणि २४ जून १९१८ रोजी ही छावणी सुरू झाली. प्रवेशाची अट एकच, पण त्या काळी अपूर्व: उमेदवार गेल्या दहा वर्षांतील पदवीधर असली पाहिजे. शंभराहून अधिक कॉलेजांतून सव्वाचारशेहून अधिक स्त्रिया आल्या. शिकवणी, निवास व भोजन मिळून आकार पंचाण्णव डॉलर.

बारा आठवड्यांत त्यांना शरीररचना आणि शरीरक्रिया, जंतुशास्त्र, रसायन, आरोग्यशास्त्र, आहारशास्त्र, औषधिविज्ञान, मानसशास्त्र आणि परिचर्येचा इतिहास इतके विषय शिकविण्यात आले, आणि रुग्ण अंथरुणात असताना चादर कशी बदलावी येथपासूनचे हातचे काम निराळेच. ज्या पदवीधर स्त्रिया चार-पाच वर्षे हायस्कुलात लॅटिन किंवा इतिहास शिकवून आल्या असतील, त्यांना चादरीच्या कोपऱ्याची घडी नेमक्या कोनात बसली नाही म्हणून ती पुनःपुन्हा उलगडावी लागत असता काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. रुग्णालयांतल्या जुन्या अधीक्षिकांत कुरकुर होती. पदवीधर मुली वॉर्डात शहाणपणा शिकवतील, आणि छावणीचे तीन महिने धरूनही सूट मिळालेले नऊ महिने त्यांच्या हातांत कधीच येणार नाहीत, अशी ती कुरकुर असे. तीत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येत नाही, कारण हाताला वळण लागण्यास वेळ हवा आणि तो पदवीने मिळत नाही. परंतु हिशेब नीट मांडून पाहिला तर नऊ महिने कशातून वजा झाले? रसायनातून नव्हे, शरीररचनेतूनही नव्हे. उलट, सामान्य शाळेत वर्षभर विखुरलेले व्याख्यान वासारला तीन महिन्यांत एकवटून अधिकच मिळाले. वजा झाला तो सेवेचा भाग, जो अभ्यासक्रम या नावाखाली रुग्णालयाच्या जमेस धरला जात होता. तीन वर्षांतील ज्ञानाचा वाटा किती आणि वेठीचा वाटा किती, याची फोड करणारा पहिला ठळक पुरावा या छावणीने दिला, आणि माझ्या मते तिचे ऐतिहासिक मोल या पुराव्यात आहे. युद्धास झालेल्या मदतीत फारसे नाही. कारण १३ सप्टेंबरला छावणी उठली, विद्यार्थिनी निरनिराळ्या शहरांतल्या रुग्णालयांत पांगल्या, तेथे त्यांची गाठ प्रथम पडली ती इन्फ्ल्युएंझाच्या भीषण साथीशी, आणि ११ नोव्हेंबरला युद्धच थांबले. पुष्कळजणींनी मधूनच रजा घेतली. टिकल्या त्यांच्यातून मात्र परिचर्या-शिक्षणाची एक पिढी उभी राहिली. १९३० पासून जवळजवळ तीन दशके मिनेसोटा विद्यापीठाच्या परिचर्या-शाळेची धुरा वाहणाऱ्या कॅथरिन डेन्सफोर्ड या वासारच्याच.

पुढची पायरी विद्यापीठांनी घातली. रॉकफेलर संस्थेच्या द्रव्यसाहाय्याने १९२३ साली येल विद्यापीठात ॲनी गुडरिच यांच्या नेतृत्वाखाली जी शाळा निघाली, तिचा अभ्यासक्रम अठ्ठावीस महिन्यांचा होता आणि तेथे विद्यार्थिनीचे वेळापत्रक वॉर्डाच्या गरजेवर नव्हे, तर शिक्षणाच्या गरजेवर आखले जाई. १९३४ पासून तर येलने प्रवेशालाच पदवीची अट घातली. अर्थात असली शाळा हा अपवाद. देशातील बहुसंख्य मुली जुन्याच चाकोरीत होत्या.

ती चाकोरी मोठ्या प्रमाणावर हलली ती दुसऱ्या महायुद्धात. ओहायोच्या प्रतिनिधी फ्रान्सेस पेन बोल्टन यांनी मांडलेल्या विधेयकान्वये जून १९४३ मध्ये कॅडेट नर्स कोअरची स्थापना झाली, आणि शिक्षणाची छत्तीस महिन्यांची मुदत तीसवर आणण्याची अट सरकारने पैशाच्या जोरावर शाळांच्या गळी उतरविली. शिकवणी, पुस्तके, गणवेश, सर्व सरकारी खर्चाने. शिवाय पहिले नऊ महिने दरमहा पंधरा डॉलर, पुढे वीस, आणि अखेरच्या टप्प्यात निदान तीस. राखाडी गणवेश, खांद्यावर लाल पट्ट्या, तशीच राखाडी टोपी. देशातल्या तेराशे शाळांपैकी अकराशेहून अधिक यात सामील झाल्या, १,७९,००० हून अधिक मुलींनी नावे नोंदविली आणि सुमारे १,२४,००० उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. वंश, धर्म वा वर्ण यांवरून कोणासही वगळू नये असे कलम कायद्यातच होते. म्हणून सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय मुलींना हा मार्ग खुला झाला, आणि पश्चिम किनाऱ्यावरून उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलेल्या जपानी कुळांतील साडेतीनशेहून अधिक मुलीही त्यात आल्या. त्यांच्यापैकी ज्या छावणीतून थेट नव्या शहरात शिकावयास गेल्या, त्यांच्या तयारीत झग्यांच्या यादीआधी सरकारी परवाना येई, हे सांगितलेच पाहिजे. आणि अजून एक: तीस महिन्यांत शिक्षण संपले तरी कॅडेटला उरलेले सहा महिने कोणत्यातरी लष्करी किंवा मुलकी रुग्णालयात तैनात राहावे लागे. म्हणजे वेठीचा वाटा कापला गेला नव्हता. त्याला वेगळे नाव आणि थोडे वेतन मिळाले, इतकेच. तरीही वेगळे नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, कारण हिशेबाच्या वहीत शिकणे आणि राबणे आता दोन निरनिराळ्या खात्यांवर पडू लागले.

युद्धोत्तर काळात परिचर्येचे शिक्षण रुग्णालयांतून कॉलेजांकडे सरकत गेले, आणि १९७१ साली मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस विद्यापीठाने अन्य विषयांतील पदवीधरांसाठी एक वर्षाचा परिचर्या-पदवीक्रम सुरू केला. आजच्या शीघ्र अभ्यासक्रमांचा तो आद्य नमुना. भाषा, मानसशास्त्र, सामाजिक शास्त्रे हे सर्व पूर्वीच्या पदवीत झाले आहे असे धरून ते वजा करावयाचे आणि केवळ परिचर्येचा भाग उन्हाळी सुटीही न देता सलग शिकवावयाचा, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे अशी मुभा नाही, बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे सर्वांना सारखीच, मग उमेदवार बारावी होऊन आलेली असो वा सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन.

अमेरिकेतील या एका वर्षासाठी आज जी सिद्धता करावी लागते, ती पाहिली म्हणजे घाईलाही पूर्वतयारीचा संथपणा लागतो हे दिसून येते. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र हे विषय प्रवेशाआधीच उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि काही विद्यापीठे पाच-सात वर्षांपूर्वीचे गुण शिळे म्हणून बाद धरतात. म्हणजे तिशी-पस्तिशीतल्या बाईला पुन्हा संध्याकाळच्या वर्गात बसून पेशींच्या आकृत्या काढणे आले. हेपटायटिस बी या काविळीवरील लशीचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून ते आधीपासूनच सुरू करावे लागतात. गोवराची प्रतिकारशक्ती रक्त तपासून सिद्ध करावयाची, क्षयाची चाचणी करावयाची, हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र आणावयाचे, आणि धर्मोपदेशकाच्या शीलदाखल्याच्या जागी आता पोलीस-दफ्तराची तपासणी व अमली द्रव्यांची चाचणी आली आहे.

निवासाची व्यवस्था मात्र उमेदवाराने स्वतःच लावावी लागते. जुन्या शाळेचे परिचारिका-गृह रात्री दाराला कुलूप घालीत असे व त्याचा जाच होताच, पण डोक्यावर छप्पर होते. आजची विद्यार्थिनी नव्या शहरात खोली शोधते ती नकाशा पुढे घेऊन, कारण पहाटे सातच्या पाळीला हजर राहावयाचे रुग्णालय एका सत्रात शहराच्या या टोकाला आणि पुढच्या सत्रात त्या टोकाला असते, आणि इतक्या पहाटे बस मिळेलच असे नाही. घरमालक बहुधा भाड्याच्या काही पट उत्पन्नाचा पुरावा मागतो. विद्यापीठ, अभ्यासाचा ताण पाहता या वर्षात नोकरी धरू नये, असे बजावते. तेव्हा जामीन राहावयास आईबाप किंवा नवरा शोधावा लागतो. शिकवणीचा खर्च १९१८ साली रेड क्रॉसच्या मदतीने हलका झाला होता आणि १९४३ साली तो सरकारने उचलला होता. आता तो सर्वस्वी तिच्यावर आहे. गरजू विद्यार्थ्यांना संघराज्याकडून मिळणारे पेल अनुदान पहिली पदवी हाती पडताच बंद होते, म्हणून जिच्या बळावर प्रवेश मिळाला त्याच पदवीमुळे तिला अनुदान नाकारले जाते आणि कर्जाचा अर्ज भरावा लागतो.