तगराच्या पांढरीवर

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. ते तालुक्याचंही ठिकाण नाही. रेल्वेचं स्टेशन शेजारच्या ढोकीला, साखर कारखानाही तिकडेच. रानात सोयाबीन, तूर, ज्वारी. चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा. एरवी दुपारी पारावर बसलेली चार माणसं. मराठवाड्यातल्या कुठल्याही शांत गावाचं वर्णन असंच होईल. तेरला मात्र पाया खणायला घेतला की खाली आधीच कुणाचं तरी घर लागतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही समुद्री व्यापाराची माहितीवही लिहिली. तीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर येतं. तिथलं साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ असं बिरुद लावत राहिले. नाव ताम्रपटांत टिकलं आणि शहराचा ठिकाणा विसरला गेला. भगवानलाल इंद्रजींना तगर म्हणजे जुन्नर वाटलं, रा. गो. भांडारकरांना धारूर, कुणी देवगिरीही म्हणून पाहिलं. अखेर 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं, आणि हेन्री कझिन्स यांनी इथली विटांची देवळं पाहून त्यांची नोंद केली.

या साऱ्याला ‘हरवलेल्या शहराचा शोध’ म्हणायची पद्धत आहे. मला ती खटकते. ज्यांच्या परसात ते शहर होतं, त्यांचं त्याच्याशी रोजचं काम पडत होतं.

गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानतात: काळी ती शेतीची, पांढरी ती वस्तीची. पांढरीला रंग येतो तो माणसांच्या राहण्याने. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडं, फुटकी मडकी असं शेकडो वर्षं साचत जातं. मराठवाड्यातल्या माळवदांवर हीच माती घालतात, कारण नीट चोपली की ती पाणी खाली उतरू देत नाही. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवा थर चढवायचा, हे घरोघरचं काम. पिकालाही ती मानवते, म्हणून गाड्या भरभरून शेतात नेतात. तेरची पांढरी सातवाहनांच्या काळापासूनची. म्हणजे ज्या शहराची मलमल रोमन जगापर्यंत पोचली, ते टोपल्याटोपल्यांनी माळवदांवर आणि ज्वारीच्या रानात जात होतं. उत्खनन करणाऱ्यासाठी हे भयंकर. थर विस्कटले की काळ विस्कटतो. पण ऐन मृगात ज्याचं छत गळतं त्याने काय करावं? या प्रश्नाचं उत्तर अहवालांत नसतं.

मातीबरोबर मणी येतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे येतात, एखादं नाणं येतं. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची पुरलेली वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. असा कायदा असलेल्या मुलखात खणताना काही लागलं की सामान्य माणूस गप्प बसतो, हे सांगायला नको. लहान गावाच्या शांततेत असलीही एक शांतता असते.

अशा गावात रामलिंगप्पा लामतुरे उभे राहिले. ते इथलेच. पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. तो संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय तेरलाच झालं, मुंबईला नाही. त्यातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती 1938 साली पाँपेईत सापडलेल्या मूर्तीच्या जवळची आहे. पाँपेई 79 साली राखेखाली गाडलं गेलं. तेर कधी एकदम गाडलं गेलं नाही. लोक राहत राहिले, म्हणून त्याचे थर इतके खालीवर झालेले. बा. ना. चापेकरांनी इथे 1958 साली उत्खनन केलं, ते लामतुऱ्यांच्या या वेचणीनंतर.

त्रिविक्रमाचं देऊळ पाहावं. मागचा भाग अर्धगोल, छत गजपृष्ठाकार. कझिन्सना हे मूळचं बौद्ध चैत्यगृह वाटलं. आत आज त्रिविक्रम आहे, पूजा चालू आहे. बांधणी सगळी विटांची. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की काही पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा कालवून भाजलं की तो जळून जातो आणि वीट सच्छिद्र होते. हे गणित कुंभाराचं. तेराव्या-चौदाव्या शतकात याच गावात गोरोबांनी चिखल तुडवला, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, तेही इथेच.

संग्रहालयात मूर्तींपुढे गर्दी होते. मला तिथला दगडी पाटा अधिक आवडतो. त्याच्यावर काय वाटत असतील हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारावं. त्याला खाली चार पाय आहेत, एवढंच नवल.