नायलॉनचा परतीचा मार्ग

सोनार जुना दागिना मुशींत आटवितो आणि त्याच सोन्याचा नवा दागिना घडवितो. कितीहि वेळां आटविलें तरी सोन्याचा कस उतरत नाहीं. विसाव्या शतकांत मनुष्यानें जीं कृत्रिम द्रव्यें निर्माण केलीं, त्यांच्या अंगीं मात्र हा गुण नव्हता. प्लॅस्टिक वितळवून पुन्हां सांच्यांत ओततां येतें खरें. परंतु प्रत्येक आंचेबरोबर त्यांतील रेणूंच्या लांब सांखळ्या तुटतात, रंग व मळ त्यांत मिसळतो आणि द्रव्य हीन होत जातें. १९५० पासून २०१५ पर्यंत जगांत सुमारें ८३० कोटि टन प्लॅस्टिक निर्माण झालें. त्यापैकीं सुमारें ६३० कोटि टनांचा कचरा झाला, आणि त्या कचऱ्यांतील शेंकडा ९ भागच पुन्हां उपयोगांत आला, असा हिशेब २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. वितळविण्याऐवजीं या सांखळ्या उकलून मूळ द्रव्यच परत मिळवितां येईल काय, हा प्रश्न त्यामुळें महत्त्वाचा ठरतो. एका जातीच्या नायलॉनपुरतें त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस करोथर्स या रसायनज्ञानें १९३५ सालीं नायलॉन सिद्ध केलें. तें दोन भिन्न द्रव्यांच्या संयोगानें होत असे. कॅप्रोलॅक्टम नांवाच्या एकाच द्रव्यापासून अशी सांखळी होत नाहीं, असें त्यानें पूर्वींच नमूद करून ठेविलें होतें. १९३७ सालीं करोथर्स निवर्तला. आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभीं बर्लिन येथें पॉल श्लाक या जर्मन रसायनज्ञानें नेमकी तीच गोष्ट करून दाखविली. जर्मनींत या नव्या धाग्याला पर्लॉन हें नांव मिळालें.

श्लाकच्या शोधाचें मर्म कॅप्रोलॅक्टमच्या घडणींत आहे. त्याचा रेणु कड्यासारखा असतो. पाण्याच्या साह्यानें, सुमारें २५० अंश उष्णतेंत, हें कडें उघडतें आणि उघडलेलीं कडीं एकमेकांस जोडलीं जाऊन लांब सांखळी तयार होते. परंतु ही क्रिया कधींच पुरी होत नाहीं. एकीकडे सांखळी वाढत असतांना दुसरीकडे तिच्यांतून कडीं सुटतहि असतात. शेवटीं सुमारें दहावा हिस्सा न जोडलेला राहतो; तो गरम पाण्यानें धुऊन काढून पुन्हां भट्टीकडे नेण्याची वहिवाट या धंद्यांत पडली. म्हणजे परतीचा मार्ग या द्रव्याला जन्मापासूनच मिळालेला होता. जुन्या धाग्यांतून अतितप्त वाफ खेळविली कीं सांखळी उकलते, कॅप्रोलॅक्टम वाफेबरोबर निघून येतें, आणि शुद्ध केल्यावर तें नव्या मालाहून वेगळें ओळखतां येत नाहीं. करोथर्सच्या नायलॉनमध्यें दोन द्रव्यें गुंतलेलीं असल्यामुळें तेथें हें काम अधिक किचकट होतें.

रसायनशास्त्र अनुकूल, तरी व्यवहार अनुकूल होईलच असें नाहीं. अमेरिकेंत घरोघरीं भिंतीपासून भिंतीपर्यंत नायलॉनचे गालिचे अंथरण्याची चाल होती व जुने झालेले गालिचे जमिनींत पुरले जात. ते परत उकलण्यासाठीं जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा येथें दोन मोठ्या कंपन्यांनीं मिळून १९९९ सालीं भव्य कारखाना उभारला. वर्षाला सुमारें ४५ हजार टन कॅप्रोलॅक्टम काढावें, अशी त्याची आंखणी होती. पण गालिचा म्हणजे केवळ नायलॉन नव्हे. त्याच्या पाठीला दुसऱ्या प्लॅस्टिकचें विणकाम, चिकटविण्याचा चीक आणि खडूची भुकटी असते. शहरोशहरींचे गालिचे गोळा करणें, त्यांतील नायलॉनची जात ओळखणें आणि इतर द्रव्यें वेगळीं करणें, यांतच मोठा खर्च होई. इतक्यांत नव्या कॅप्रोलॅक्टमचा भाव उतरला आणि २००१ सालीं कारखाना बंद पडला. यंत्रें निकामी झालीं नव्हतीं. स्वस्त तेलानें त्यांना हरविलें होतें. २००७ सालीं गालिचे विणणाऱ्या एका कंपनीनें तो पुन्हां चालू केला. जो माल विकतो त्यानेंच जुना माल परत घ्यावा, हें तत्त्व त्यामागें होतें.

२०११ सालीं स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना नगरींत एका इटालियन कंपनीनें याच विद्येचा प्रारंभ केला. तेथें गालिच्यांच्या जोडीला मासे धरण्याचीं जुनीं जाळीं उकलण्यांत आलीं. जाळें हें बहुतांशीं एकाच द्रव्याचें असल्यामुळें त्याची निवड करणें सोपें जातें.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. श्लाकनें सांखळी जोडली, त्याच वेळीं ती उकलण्याची किल्लीहि हातीं आली होती. उणीव होती ती ती किल्ली वापरण्याच्या व्यवस्थेची. वस्तु घडवितांनाच ती पुढें सहज वेगळी करतां यावी अशी घडविली, आणि ती परत आणण्याचा खर्च कोणी सोसावा हें आधींच ठरविलें, तरच प्रयोगशाळेंतील विद्या फळास येईल. एरव्हीं तेलाचा भाव उतरेल तेव्हां तेव्हां असे कारखाने बंद पडतील आणि जुना गालिचा पुन्हां जमिनींत पुरला जाईल.